एका आमदाराला किती समित्या, आणि त्या वाटतं कोण?

मुंबईत राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. तिने विधिमंडळाच्या समित्यांच्या याद्या चाळल्या. काही आमदारांची नावं तीन-तीन, चार-चार समित्यांवर दिसली, काहींचं एकाही ठिकाणी नाही. एका आमदाराने किती समित्यांवर असावं याला काही बंधन आहे का, कुणाला कोणती समिती हे नेमकं कोण ठरवतं, आणि अमेरिकेत अशी मर्यादा लेखी असते हे खरं का, असं तिने विचारलं आहे.

मी बावीस वर्षं एका विधिमंडळ पक्षाच्या कार्यालयात काम केलं. त्यातली चौदा वर्षं समित्यांसाठी नावांची यादी तयार करणं हे माझ्याकडे होतं. पक्ष कोणता ते सांगत नाही. यादी करायची पद्धत सगळ्यांकडे साधारण सारखीच असते.

आधी थेट उत्तर. भारतीय संविधानात 'एका सदस्याला इतक्याच समित्या' असा आकडा कुठेही नाही. अनुच्छेद २०८ प्रमाणे राज्याचं विधिमंडळ आपल्या कामकाजाचे नियम आपणच करतं, संसदेसाठी हाच अधिकार अनुच्छेद ११८ मध्ये आहे. समित्या या नियमांतून जन्माला येतात. विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती पक्षांकडून नावं मागवतात आणि समित्या जाहीर करतात. पण अध्यक्षांच्या टेबलावर यादी पोचते तोवर तिचं खरं काम पक्षांच्या कार्यालयात उरकलेलं असतं. कुणाला किती आणि कोणती, हे मुख्य प्रतोद (पक्षाच्या आमदारांची हजेरी आणि शिस्त सांभाळणारा पदाधिकारी) आणि गटनेता ठरवतात. माझ्या सगळ्या नोकरीत मर्यादा पाळली गेली ती प्रतोदांच्या वहीमुळे, आणि प्रतोद बदलले की वहीही बदलायची.

तरीही वाटप मनमानी नसतं. त्यात दोन-तीन चाळण्या आहेत.

पहिली चाळण मंत्र्यांची. सरकारचा खर्च तपासायला बसलेल्या समितीत सरकारचेच मंत्री बसू शकत नाहीत. लोकसभेच्या नियमांत हे स्पष्ट आहे: लोकलेखा, अंदाज आणि सार्वजनिक उपक्रम या तिन्ही समित्यांवर मंत्री घेता येत नाही, आणि सदस्य असताना कुणी मंत्री झाला तर त्याचं सदस्यत्व तिथेच संपतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. २८८ च्या सभागृहात हा आकडा मुख्यमंत्र्यांसह ४३ होतो. हे सगळे विधानसभेतलेच असतील असं नाही, काही परिषदेतले असतात. म्हणजे मंत्री, अध्यक्ष, उपाध्यक्ष वगळून विधानसभेत साधारण अडीचशे माणसं उरतात, आणि समित्या दोन डझनांहून जास्त. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, रोजगार हमी योजना, अनुसूचित जाती कल्याण, अनुसूचित जमाती कल्याण, विमुक्त जाती व भटक्या जमाती कल्याण, महिला व बालकांचे हक्क, आश्वासन, विनंती अर्ज, विशेष हक्क, उपविधान, नियम, ग्रंथालय, मराठी भाषा, आणखी कितीतरी. यातल्या बऱ्याच संयुक्त आहेत, म्हणजे परिषदेच्या ७८ जणांतूनही काही नावं येतात.

दुसरी चाळण संख्याबळाची. हे गणित एकदा करून बघितलं की पुढचं बरंच उलगडतं, म्हणून इथे जरा थांबतो.

२०२४ च्या निवडणुकीचे आकडे घ्या. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी काँग्रेस ४१, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) १०, आणि उरलेले १२ जण लहान पक्षांचे व अपक्ष. समजा, एका समितीवर विधानसभेतून १५ जण घ्यायचे आहेत. २८८ ला १५ ने भागलं की १९.२ येतात, म्हणजे एका जागेमागे एवढे आमदार. आता प्रत्येक पक्षाचं संख्याबळ १९.२ ने भागा. भाजपचे ६.८८ येतात, शिवसेनेचे २.९७, राष्ट्रवादीचे २.१४, ठाकरे यांच्या शिवसेनेचे १.०४, काँग्रेसचे ०.८३ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे ०.५२. आधी पूर्ण आकडे द्यायचे: सहा, दोन, दोन, एक. झाल्या अकरा. उरलेल्या चार ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना. शेवटी सात, तीन, दोन, एक, एक, एक.

आता त्या बारा जणांकडे बघा. सगळे एक गट म्हणून उभे राहिले तर त्यांचा हिस्सा ०.६३ होतो, म्हणजे ०.५२ पेक्षा जास्त, आणि पंधरावी जागा त्यांची होते. पण ते बारा जण बारा दिशांना असतात, काही सत्तेबरोबर, काही विरोधात. एकेकट्याचा हिस्सा ०.०५. म्हणून एकट्या आमदाराच्या पक्षाला समितीत जागा मिळते ती मोठ्या पक्षाने आपल्या वाट्यातून सोडली तर.

आणखी एक गोष्ट याच आकड्यांत लपलेली आहे. समिती १५ ऐवजी ९ जणांची केली तर एका जागेमागे ३२ आमदार लागतात. मग वाटप होतं चार, दोन, एक, एक, एक, आणि दहा आमदारांचा पक्ष बाहेर. समितीचा आकार ठरवतानाच छोट्या पक्षाचं काय होणार हे ठरलेलं असतं. 'सुटसुटीत समिती' असा शब्द बैठकीत आला की मी आधी कागदावर भागाकार मांडून बघायचो.

लोकसभेत लोकलेखा समितीची निवड प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मताने, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देऊन, होते. समिती २२ जणांची, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पक्ष आपसात जागा ठरवून तेवढेच अर्ज भरतात आणि निवड बिनविरोध होते. म्हणजे मतपेटी येवो न येवो, मुळाशी भागाकार तोच. मुंबई महापालिकेतही २२७ नगरसेवकांतून २७ जणांची स्थायी समिती उभी राहते तेव्हा प्रत्येक गटाचा हिशेब याच तौलनिक संख्याबळाचा असतो.

आता तुमच्या मुख्य कोड्याकडे येतो: काहींच्या नावावर चार समित्या आणि काहींच्या एकही नाही, असं का?

लोकांना वाटतं, चार समित्यावाला वजनदार असणार. कधीकधी असतो. पण वरचं गणित पुढे न्या. समजा अशा १५ जणांच्या २४ समित्या आहेत. दहा आमदारांच्या पक्षाला प्रत्येक समितीत एक, अशा २४ जागा भरायच्या आहेत. माणशी सरासरी २.४. त्यात गटनेता आणि एखादा आजारी ज्येष्ठ सदस्य बाजूला काढला की उरलेल्यांवर तीन-तीन येतात. १३२ आमदारांच्या पक्षाला १६८ जागा भरायच्या आहेत. मंत्री वजा केले तरी शंभराहून जास्त माणसं हाताशी उरतात, सरासरी दीडच्या आसपास. तिथे काही ज्येष्ठांनी तीन-तीन घेतल्या की पहिल्यांदा निवडून आलेले मागच्या बाकावरचे काही जण कोरडे राहतात. थोडक्यात, छोट्या पक्षात चार समित्या म्हणजे बहुतेक वेळा माणसांचा तुटवडा, आणि मोठ्या पक्षात चार समित्या म्हणजे कुणाचा तरी वाटा दुसऱ्याच्या ताटात गेलेला. यादी वाचताना आमदाराचा पक्ष किती मोठा ते आधी बघा, मग मत बनवा.

पक्षाच्या आत काय चालतं ते सांगतो. समित्यांची नावं द्या, असं पत्र आलं की आमच्या कार्यालयात एक मोठा आडवा कागद पसरला जायचा. डावीकडे आमदारांची नावं, वर समित्या, मध्ये चौकटी. पेन्सिलने भरायचं, कारण रात्रीतून पाच वेळा खोडावं लागायचं. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात नोंदी असायच्या: कितवी टर्म, विभाग कोणता, शिक्षण काय, गेल्या वर्षी कुठे होते, बैठकांना किती वेळा आले. शेवटची नोंद मी स्वतःहून सुरू केली होती. विदर्भ, मराठवाडा, खान्देश, पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मुंबई असा विभागवार तोल बघायचा. अनुसूचित जमाती कल्याण समितीवर राखीव मतदारसंघातल्यांना आधी. महिला आमदार मोजक्याच असल्याने त्यांची नावं महिला व बालक समितीवर आपोआप टाकली जायची आणि लोकलेखा, अंदाजच्या वेळी त्यांचा विचारच होत नसे. हे चुकीचं आहे असं मी तेव्हाही म्हणायचो. हिशेबात हुशार बाई कुठल्याही समितीला हवी असते.

मागणी सगळ्यात जास्त पंचायत राज समितीला. ही समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत महिनाभर आधी धावपळ सुरू होते, प्रश्नावलीची उत्तरं तयार करायला कर्मचारी रात्री थांबतात, शाळा आणि अंगणवाड्यांना रंग लागतो. आमदाराला तिथे थेट अधिकार दिसतो. रोजगार हमीचंही तसंच. १९७७ चा कायदा आपल्या राज्याने देशाच्या कितीतरी आधी केला, आणि त्या कामांवर जाऊन हजेरीपट बघणारी समिती हा आपला खास वारसा आहे. याउलट उपविधान समितीवर जायला कुणी तयार नसायचं. दौरा नाही, बातमी नाही. पण विधिमंडळ कायदा करतं आणि त्याखालचे नियम खातं करतं. ते नियम कायद्याच्या चौकटीत आहेत का हे बघणारी समिती तीच. लोकांच्या रोजच्या आयुष्याला टोचतात ते बहुतेक वेळा नियम, कायदा नव्हे. एक वकील आमदार होते, त्यांनी ती समिती मागून घेतली आणि तीन वर्षं सोडली नाही. इतक्या वर्षांत ती समिती आपणहून मागणारे तेवढेच मला भेटले.

तिसरी चाळण हितसंबंधांची, आणि ती सगळ्यात ढिली. लोकसभेच्या नियमांत तरतूद आहे की ज्या विषयात सदस्याचा वैयक्तिक, आर्थिक किंवा थेट संबंध आहे त्या समितीवर त्याच्या नावाला हरकत घेता येते आणि निर्णय अध्यक्ष देतात. तिथल्याच नियमांत आणखी एक चांगली गोष्ट आहे: सदस्याची तयारी नसेल तर त्याला समितीवर नेमता येत नाही. आमच्याकडे मात्र यादी लागल्यावर 'मला कुणी विचारलं?' असं म्हणत आलेले आमदार मी पाहिले आहेत.

आमच्या एका जुन्या प्रतोदांचा नियम होता: पंगतीत सगळ्यांना पहिली वाढ झाल्याशिवाय कुणालाही दुसरी नाही. एका वर्षी एक ज्येष्ठ सदस्य आकाशवाणी आमदार निवासातल्या आपल्या खोलीत मला बोलावून म्हणाले, "पंचायत राज, अंदाज आणि रोजगार हमी, तिन्ही लिहा." मी कागद घेऊन प्रतोदांकडे गेलो. त्यांनी अंदाज समितीवर टिक केली, बाकीच्या दोन्ही खोडल्या, आणि रोजगार हमीच्या चौकटीत पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका आदिवासी तालुक्यातल्या आमदाराचं नाव लिहिलं. ज्येष्ठ सदस्य आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो नवा आमदार पहिल्याच दौऱ्यात मजुरांशी त्यांच्या बोलीत बोलला, आणि कामाची नोंद व प्रत्यक्ष मजुरी यातला फरक बैठकीत त्यानेच मांडला.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे तिथले नेते लिंडन जॉन्सन यांनी १९५३ मध्ये आपल्या पक्षात हाच नियम आणला होता: ज्येष्ठाला दुसरी महत्त्वाची समिती मिळण्याआधी प्रत्येक नव्या सदस्याला एक तरी मिळाली पाहिजे. आमच्या प्रतोदांनी जॉन्सनचं नावही ऐकलेलं नसेल. पंगतीत वाढायला मात्र ते लहानपणापासून उभे राहिलेले.

तर अमेरिकेचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या नियमांप्रमाणे एका सदस्याला जास्तीत जास्त दोन स्थायी समित्या आणि चार उपसमित्यांवर राहता येतं. सिनेटमध्ये समित्यांची प्रतवारी आहे: 'अ' वर्गातल्या दोन, 'ब' वर्गातली एक. त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी समित्यांची संख्याच छाटली, प्रतिनिधीगृहात ४८ वरून १९ आणि सिनेटमध्ये ३३ वरून १५. तिथेही सूट मिळवून मर्यादा ओलांडणारे सदस्य असतात. फरक इतकाच की सूट मागावी लागते आणि ती नोंदली जाते. ब्रिटनने दुसरं टोक पकडलं. २०१० पासून तिथल्या बहुतेक प्रवर समित्यांचे, म्हणजे सरकारी खात्यांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या समित्यांचे, प्रमुख सभागृह गुप्त मतदानाने निवडतं. प्रतोदाच्या हातातली ती चावी तिथे काढून घेतली गेली.

दिल्लीतली व्यवस्था मला जास्त शिकण्यासारखी वाटते, कारण तिथे आकड्यातच मर्यादा बसवलेली आहे. खात्यांशी संबंधित स्थायी समित्या १९९३ मध्ये १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकी ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. गुणाकार करा: लोकसभेच्या ५०४ जागा, राज्यसभेच्या २४०. लोकसभा ५४३ ची, राज्यसभा २४५ ची, आणि मंत्री या समित्यांवर नसतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक खासदाराला एक आणि एकच. कुणाला दोन द्यायला जागाच फारशी उरत नाही. आपल्याकडे समित्या गरज पडेल तशा वाढत गेल्या, आणि माणशी किती पडतात याचा एकत्र हिशेब कुणी मांडून बसलं नाही.

मी मर्यादेच्या बाजूने इतका का बोलतो, ते एका दिवसामुळे. एका समितीपुढे पाणीपुरवठ्याच्या रखडलेल्या योजनेवर विभागाची साक्ष होती. जिल्ह्यातले अधिकारी रात्रीच्या गाडीने मुंबईत उतरले होते, लाल कापडात बांधलेले गठ्ठे घेऊन. अकराची वेळ. गणपूर्तीला, म्हणजे बैठक भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, लागतात साधारण एक तृतीयांश सदस्य. साडेअकराला दोन माणसं कमी होती. आमच्या पक्षाचे दोन्ही सदस्य त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या समितीत बसलेले, कारण तिथेही गणपूर्ती त्यांच्यावरच अडलेली. मी जिन्याने खाली-वर केलं. एक उठून आले, सही केली, दहा मिनिटं बसले आणि परत गेले. बैठक तहकूब झाली. अधिकाऱ्यांनी गठ्ठे पुन्हा बांधले. ती साक्ष पुढे चार महिन्यांनी झाली, आणि तोवर समितीचं वर्ष संपत आलं होतं. त्या गावांत तो उन्हाळा टँकरवर गेला. दोघा सदस्यांचा दोष नव्हता. त्यांना तिथे एकाच वेळी ठेवणारा कागद माझ्याच टेबलावर तयार झाला होता.

तेव्हापासून मी त्या आडव्या कागदाच्या तळाशी एक ओळ जास्त आखली. ज्या समित्या एकाच दिवशी बसतात त्या एका रंगात, आणि एका नावापुढे तोच रंग दोनदा येऊ द्यायचा नाही.

माझं मत विचाराल तर, तपासणीचं आणि दौऱ्यांचं काम असलेल्या जड समित्या एका सदस्याला दोन, आणि ग्रंथालय किंवा नियम यांसारखी हलकी एक. एवढंच, आणि हे नियमात लिहिलेलं असावं. छोट्या पक्षांसाठी यात सवलत लागेल, नाहीतर मर्यादेच्या नावाखाली तेच बाहेर फेकले जातील. त्यांचे अर्धे-अर्धे हिस्से एकत्र जोडून मोजक्या महत्त्वाच्या समित्यांवर पूर्ण जागा देणं हा चांगला मार्ग आहे, आणि पक्षांत समजूत असेल तेव्हा तो वापरलाही जातो. 'विशेष निमंत्रित' या नावाने माणसं वाढवण्याची पळवाट मात्र बंद व्हायला हवी. एक वर्षाची मुदतही मला अपुरी वाटते. महालेखापरीक्षकांच्या (कॅगच्या) अहवालातला एक परिच्छेद समजून घ्यायला, खात्याचं स्पष्टीकरण मागवायला, साक्ष घ्यायला आणि अहवाल पटलावर ठेवायला वर्ष पुरत नाही. सदस्याला विषय कळू लागतो तेव्हा नवी यादी लागते.

एक संकेत मात्र जपण्यासारखा आहे: लोकलेखा समितीचं प्रमुखपद विरोधी पक्षाकडे. संसदेत हे १९६७ पासून चालत आलंय, आणि त्या वर्षी ते पद पहिल्यांदा विरोधी बाकांवरच्या ज्यांच्याकडे गेलं ते मिनू मसानी आपल्या मुंबईचे एकेकाळचे महापौर. आपल्या विधानसभेत २०२४ नंतर कुठल्याच विरोधी पक्षाकडे एक दशांश, म्हणजे विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेताने लागणारे २९ आमदार नाहीत. अशा वेळी या एका खुर्चीची किंमत आणखी वाढते.

तुम्हाला यावर प्रकल्प करायचा असेल तर नुसती नावं मोजू नका. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर समित्यांच्या याद्या आणि अहवाल मिळतात. प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला समितीची रचना असते. पाच वर्षांचे अहवाल घ्या, एकेक नाव पक्षाच्या संख्याबळासमोर मांडा, आणि कोण कोणत्या समितीवर किती वर्षं सलग राहिलं ते बघा. उपविधान समितीपासून सुरुवात करा. ते अहवाल सहसा कुणी उघडत नाही.